४०५ माकडे आणि न मोजलेले जंगल

जानेवारी २०२४ मध्ये आसाममधून एक बातमी आली. भारतातील सोनेरी वानरांची संख्या ७,३९६ असल्याचे पाहणीतून दिसून आले. त्यांपैकी ५,५६६ उत्तरेकडील सलग जंगलात आणि उरलेले १,८३० दक्षिणेकडील तुटक जंगलांत. बातमी समाधानाची होती. मी मात्र त्या आकड्याच्या शेवटच्या सहावर अडखळलो. झाडांच्या शेंड्यांवर वावरणारा, माणसाची चाहूल लागताच पानांआड होणारा हा प्राणी. मग ७,३९६ कसे? ७,३९७ का नाहीत?

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण तो माझ्या शिक्षणातून आलेला आहे. माझे पीएच.डी.चे काम म्युऑन मोजणाऱ्या डिटेक्टरच्या कार्यक्षमतेवर होते. म्हणजे समोरून शंभर कण गेले, तर माझे यंत्र त्यांतले किती टिपते, हे शोधण्यात मी आयुष्याची पाच वर्षे घालवली. त्या विद्येत पहिल्याच वर्षी एक गोष्ट अंगवळणी पडते : अनिश्चितता न सांगता दिलेला आकडा हा एकक न लिहिता दिलेल्या लांबीसारखा असतो. तो चूक नसतो, अर्धवट असतो. आसाममधील पाहणीची पद्धत चांगली होती आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. माझी तक्रार आहे ती असे आकडे आपल्यापर्यंत ज्या रूपात पोहोचतात आणि आपण त्यांचे जे करतो, त्याविषयी. हे आकडे आपल्याकडे ज्या प्राण्याच्या वाट्याला सर्वांत विचित्र रीतीने आले, तो प्राणी पश्चिम घाटातला आहे : सिंहपुच्छ माकड.

इंग्रजीतील एका शब्दात जे सगळे कोंबले जाते, त्याचे मराठीने पूर्वीच दोन भाग केले आहेत. वानर म्हणजे लांब शेपटीचे, काळ्या तोंडाचे, पाने खाणारे. माकड म्हणजे गालात दाणे साठवणारे, सर्वभक्षी. सिंहपुच्छ हे माकड आहे. अंग काळेभोर, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. ते फक्त पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलात, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या तीन राज्यांत आढळते आणि जवळजवळ सारा दिवस झाडांवरच काढते. साधारण पंधरा ते वीस जणांची टोळी असते, तिला सुमारे पाच चौरस किलोमीटर जंगल लागते. मादी सहा-सात वर्षांची झाल्यावर पहिले पिलू होते आणि पुढचे व्हायला दोन-तीन वर्षे जातात. उंदीर, सशांसारखी भरपाई या प्राण्याला जमत नाही.

हे माकड कुठे राहते, याविषयीच सुरुवातीला गोंधळ होता. ‘वांडरू’ हे सिंहली भाषेतील वानराचे नाव युरोपीय निसर्गलेखकांनी चुकून या माकडाला चिकटवले आणि पुस्तकांत ते दीर्घकाळ श्रीलंकेचे रहिवासी होऊन बसले. श्रीलंकेत ते नाही. उत्तरेकडची सीमाही अशीच सरकती. जुन्या लेखनात ती गोव्यापर्यंत आणि त्याहूनही वर, आपल्या रत्नागिरीपर्यंत सांगितलेली आढळते. आज सर्वांत उत्तरेकडच्या टोळ्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहेत. मधल्या पट्ट्यातून ते नाहीसे झाले, की तिथे कधी नव्हतेच? एखाद्या प्रवाशाने लांबून पाहिलेले काळे माकड नेमके कोणते होते, हे दोनशे वर्षांनंतर कसे ठरवणार?

आता संख्येकडे वळू. १९६८ मध्ये जपानी प्राणिशास्त्रज्ञ सुगियामा यांनी हजाराहून कमी असा अंदाज दिला. १९७७ मध्ये स्टीव्हन ग्रीन आणि कॅरेन मिन्कोव्स्की यांचा अंदाज आला : रानात उरलेली सिंहपुच्छ माकडे ४०५.

हा आकडा ज्या क्षणी आला तो क्षण लक्षात घ्यायला हवा. केरळमध्ये कुंतीपुळा नदीवर सायलेंट व्हॅली जलविद्युत प्रकल्पाचा वाद पेटत होता. केरळ शास्त्र साहित्य परिषद रस्त्यावर उतरली होती, सलीम अलींसारखे लोक बोलत होते, आणि या सगळ्यात एका काळ्या माकडाचा चेहरा त्या जंगलाचे प्रतीक झाला होता. अशा वेळी ‘जगात फक्त ४०५’ या वाक्याचे वजन केवढे असेल, याची कल्पना करा. पुढे १९८२ मध्ये केंद्र व राज्य यांची संयुक्त समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते एम. जी. के. मेनन, म्हणजे एक भौतिकशास्त्रज्ञ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले मेनन विश्वकिरणांचे अभ्यासक होते आणि १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद करणाऱ्या गटातील एक प्रमुख. १९८३ मध्ये समितीचा अहवाल आला, प्रकल्प मागे घेतला गेला आणि १९८४ च्या नोव्हेंबरात सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

ते जंगल केवळ माकडांच्या आकड्यामुळे वाचले, असे मी म्हणत नाही. त्यामागे लोकांची चळवळ होती, राजकीय निर्णय होता. पण ४०५ हा आकडा त्या काळाच्या मनात रुतला, हे खरे.

आणि तो चुकीचा होता.

चुकीचा म्हणजे खोटा नव्हे. त्या दोघांनी उपलब्ध माहितीवर प्रामाणिकपणे काम केले होते. पण जिथे कोणी नीट पाहिलेच नव्हते, अशी जंगले शिल्लक होती. १९८० च्या दशकात उल्लास कारंत यांनी कर्नाटकातील जंगले पालथी घातली, तेव्हा चित्र बदलू लागले. त्यानंतर एच. एन. कुमार आणि मेवा सिंग यांनी सिरसी-होन्नावरच्या डोंगराळ जंगलांत किमान ३२ टोळ्या नोंदवल्या. हा प्रदेश तेव्हा अभयारण्यही नव्हता. आज जगभरातील एकूण संख्या चार हजारांच्या आसपास मानली जाते आणि आययूसीएनच्या लाल यादीत प्रौढ प्राण्यांची संख्या २,५०० हून कमी धरलेली आहे.

४०५ वरून चार हजार. एखाद्या घाईत असलेल्या उपसंपादकाला मथळा सुचेल : ‘सिंहपुच्छ माकडांच्या संख्येत दहापट वाढ’. प्रत्यक्षात याच काळात जंगले तुटली, चहाकॉफीचे मळे आणि रस्ते यांनी ती फाटत गेली, आणि कर्नाटकाच्या काही भागांतून शिकारीमुळे टोळ्या नाहीशा झाल्याच्या नोंदी झाल्या. म्हणजे अंदाज वाढत होता आणि प्राणी बहुधा कमी होत होते. वाढली होती ती पाहणाऱ्यांची संख्या, त्यांची पायपीट आणि पद्धत.

वाघाच्या बाबतीत हा प्रकार साऱ्या देशाने पाहिला आहे. २००२ च्या गणनेत ठशांवरून ३,६४२ वाघ. २००६ च्या पाहणीत कॅमेऱ्यांच्या आधारे १,४११. २०२२ मध्ये ३,६८२. पहिला आणि तिसरा आकडा जवळजवळ सारखा आहे म्हणून वीस वर्षांत काही बदलले नाही, असे म्हणता येईल का? किंवा चार वर्षांत दोन हजारांहून अधिक वाघ मेले, असे? दोन्ही निष्कर्ष निरर्थक आहेत, कारण पहिला आकडा वेगळ्या फुटपट्टीने मोजलेला आहे. नंतरच्या पाहण्यांनी मात्र आपली अनिश्चितता स्वतःच छापली : २००६ साठी १,१६५ ते १,६५७ आणि २०२२ साठी ३,१६७ ते ३,९२५. वर्तमानपत्रांनी ती गाळली, आपणही ती मागितली नाही. वाघाचे एक बरे असते, त्याच्या अंगावरचे पट्टे म्हणजे त्याचे आधार कार्ड. माकडांच्या टोळीत हा कोण आणि तो कोण, हे महिनोन्‌महिने मागे फिरल्याशिवाय ओळखता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी अनामलाईच्या डोंगरात चार दिवस गेलो होतो. माझी एक महाविद्यालयीन मैत्रीण तिथे परिसंस्थाशास्त्राचे काम करते. मी गेलो तो खरे सांगायचे तर थोड्या अहंकाराने. माकडे मोजण्यात असे काय अवघड, असे मनात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उंच झाडीत फांद्या हलल्या. आम्ही तिघे थांबलो : ती, मी आणि कादर समाजातील एक अनुभवी वाटाडे, ज्यांना ती अण्णा म्हणत असे. आपापसांत न बोलता मोजायचे, असे ठरले होते. पाऊण तासाने टोळी ओढा ओलांडून गेली. माझ्या वहीत चौदा होती, तिच्या वहीत सतरा. अण्णा म्हणाले, एकोणीस. आणि दोन माद्यांच्या पोटाशी पिले होती ती धरून एकवीस.

मी तिला म्हणालो, “मग चौदाचे वर्गमूळ काढू या. पावणेचार. म्हणजे चौदा, अधिक-उणे चार.”

ती हसली. “तुझे कण एकमेकांना न विचारता येतात. ही माकडे एकमेकांच्या मागून येतात. एका झाडाला फळे लागली की सगळी तिथेच. तुझे वर्गमूळ इथे चालायचे नाही. आणि मला सांग, तू चौदा पाहिलीस यात माकडांचा काय दोष?”

त्या शेवटच्या प्रश्नात साऱ्या विषयाचा गाभा आहे. आपण जे मोजतो ते माकडांची संख्या नसते. संख्या आणि आपल्याला ती दिसण्याची शक्यता यांचा गुणाकार असतो. ही शोधसंभाव्यता माहीत नसेल, तर गुणाकारावरून संख्या काढता येत नाही. माझ्या डिटेक्टरची कार्यक्षमता मोजायला मी पाच वर्षे दिली होती, आणि डोळ्यांची कार्यक्षमता मात्र शंभर टक्के असे गृहीत धरून डोंगरावर चढलो होतो.

ही शोधसंभाव्यता मोजण्याची एक सुंदर युक्ती आहे, आणि तिचा प्रवास मला नेहमी मोहवतो. अल्फा कण जस्त सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की क्षीण चमक उठते. एकेकाळी अंधाऱ्या खोलीत बसून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून या चमका माणसे मोजत. थकलेला डोळा काही चमका गाळणारच. १९२४ मध्ये गायगर आणि वेर्नर यांनी एकाच पडद्याकडे दोन निरीक्षकांना पाहायला लावले आणि दोघांच्या नोंदी ताडून कोणी किती गाळले असावे याचा हिशेब मांडला. पाव शतकाने हाच विचार आपल्या देशात अवतरला. १९४९ मध्ये सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातील जन्ममृत्यूंसाठी तो वापरला : एक यादी नोंदणी कार्यालयाची, दुसरी घरोघरी फिरणाऱ्यांची, आणि दोन्ही जुळवून दोघांच्याही हातून सुटलेले जन्ममृत्यू किती, याचा अंदाज. आणि आसामात सोनेरी वानरांच्या पाहणीत दोन निरीक्षकांची हीच पद्धत होती.

हिशेब शाळकरी आहे. समजा, पहिल्या निरीक्षकाला ४० टोळ्या दिसल्या, दुसऱ्याला ३५, आणि ताडून पाहता त्यांतल्या २८ दोघांनाही दिसलेल्या निघाल्या. दुसऱ्याच्या ३५ पैकी पहिल्याने २८ पाहिल्या, म्हणजे पहिल्याची नजर ८० टक्के. तसेच पहिल्याच्या ४० पैकी दुसऱ्याने २८, म्हणजे ७० टक्के. दोघांनी मिळून ४७ वेगवेगळ्या टोळ्या पाहिल्या. पण एकूण टोळ्या ४० गुणिले ३५ भागिले २८, म्हणजे ५०. तीन टोळ्या कोणालाच न दिसता हिशेबात आल्या. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे एकदा कागदावर करून पाहावे. न पाहिलेल्या गोष्टीची संख्या सांगता येते, याचा आनंद काही वेगळाच असतो.

अर्थात यातही एक मेख आहे. दोघांची नजर परस्परांपासून स्वतंत्र असली पाहिजे. एखादी टोळी शिकारीने इतकी भेदरलेली असेल की ती कोणालाच दिसत नाही, तर दोघेही तिला एकत्रच चुकवतात, आणि उत्तर खऱ्याहून कमी येते. म्हणजे जिथे शिकार अधिक, तिथे अंदाज अधिक चुकीचा. जिथे माहितीची गरज सर्वाधिक, नेमकी तिथेच ती सर्वांत कच्ची.

संख्येहूनही अधिक घोळ व्याप्तीचा आहे. नकाशावर एखादा ठिपका काढायचा तर एकदा माकड दिसले की पुरते. पण ‘इथे माकड नाही’ असे म्हणायला किती वेळा न दिसणे पुरेसे? समजा, जंगलाच्या एका तुकड्यात टोळी आहे आणि एका फेरीत ती दिसण्याची शक्यता ३० टक्के. तीन फेऱ्या मारूनही ती न दिसण्याची शक्यता ०.७ चा घन, म्हणजे ३४ टक्के. तीन वेळा जाऊन रिकाम्या हाताने परतलेला माणूस ‘इथे नाहीत’ असे लिहील, तर टोळी असलेल्या अशा तुकड्यांपैकी दर तीनांतील एकाबाबत तो चुकेल. ही शक्यता ५ टक्क्यांखाली आणायची तर नऊ फेऱ्या लागतात. आपल्याकडे किती जंगलांत नऊ फेऱ्या झाल्या असतील?

इथे मला पुन्हा कोलारची खाण आठवते. न्यूट्रिनोंच्या शोधाआधी तिथे वेगवेगळ्या खोलीवर म्युऑन मोजले जात होते. सर्वांत खोल जागी, आठवड्यांमागून आठवडे डिटेक्टर चालवूनही, एकही म्युऑन सापडला नाही. हे शून्य अपयश ठरले नाही. या जागी आता न्यूट्रिनो शोधता येतील, हे त्याच शून्याने सांगितले. का? कारण डिटेक्टर म्युऑन किती खात्रीने टिपतो हे ठाऊक होते. ज्याची कार्यक्षमता माहीत आहे, त्याच यंत्राच्या शून्याला अर्थ असतो. आपल्या व्याप्तीच्या नकाशांवरील पांढऱ्या जागांपैकी बऱ्याच जागा या अर्थाने शून्य नाहीत, कोऱ्या आहेत. आणि शून्य व कोरे यांतला फरक छपाईत दिसत नाही. सिरसी-होन्नावर असेच कोरे होते.

उलट दिशेची फसगत पाहायची असेल तर वालपराईजवळच्या पुदुतोट्टम येथे जावे. चहाकॉफीच्या मळ्यांनी वेढलेला ९२ हेक्टरांचा, म्हणजे एक चौरस किलोमीटरही न भरणारा जंगलाचा तुकडा. तिथे शंभराहून अधिक सिंहपुच्छ माकडे दाटीने राहतात. ती छपरांवर फिरतात, कचऱ्यात खाणे शोधतात, रस्त्यावर उतरतात आणि वाहनांखाली मरतातही. त्यांच्यासाठी रस्त्यावरून झाडापासून झाडापर्यंत पूल टांगावे लागले आहेत. पर्यटकाला वाटते, केवढी ही माकडे! सलग जंगलात एका चौरस किलोमीटरला चार माकडे असा हिशेब धरला, तर इथली घनता पंचवीस पटींहून अधिक आहे. ही घनता हजार चौरस किलोमीटर जंगलाला लावली तर लाखभर माकडे निघतील. ती हास्यास्पद आहे हे कोणालाही कळेल. पण थोडी कमी हास्यास्पद गुणाकारे सरकारी कागदांत आणि पर्यावरण-आघात अहवालांत बिनदिक्कत होतात : सोयीच्या जागी, रस्त्याकडेला दिसलेली माकडे, गुणिले नकाशावरचे हिरवे क्षेत्रफळ. त्या मळ्यातली गर्दी भरभराट नव्हे. जायला दुसरी जागा नाही, म्हणून ती गर्दी आहे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण शरावती आहे. ज्या गिरसप्पाच्या धबधब्याचे वर्णन आपल्या मागच्या पिढ्यांनी क्रमिक पुस्तकांत वाचले, त्याच नदीचे खोरे. २०१९ मध्ये तिथे सुमारे ९३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य या माकडाच्या नावानेच अधिसूचित झाले. सिरसी-होन्नावरच्या त्या जंगलांचा मोठा भाग त्यात आला. आणि त्याच अभयारण्यात २,००० मेगावॅटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प प्रस्तावित आहे : तळकळले आणि गेरुसोप्पा या दोन विद्यमान जलाशयांमध्ये पाणी वर-खाली खेळवून वीज साठवायची. मी भौतिकशास्त्रज्ञ आहे. सौरऊर्जा वाढली की अशी साठवण लागणार, हे मला मान्य आहे. जलाशय आधीच आहेत, वीजगृह भूमिगत असेल, जंगल थोडेच जाईल, हा समर्थकांचा युक्तिवादही ऐकून घेण्याजोगा आहे. पण जो प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो, त्याच्या दृष्टीने तुटलेल्या झाडांची बेरीज गौण असते. रस्ता नेमका कुठून जातो आणि फांदीला फांदी लागलेली राहते की नाही, यावर त्याचे भवितव्य ठरते. दोन टोळ्यांमधला दुवा तुटला, तर एकूण संख्या दुसऱ्या दिवशी तेवढीच राहील. पन्नास वर्षांनी नाही.

अशा वेळी एकूण आकडा पुढे करणे दोन्ही बाजूंना सोयीचे जाते. एक बाजू म्हणते, आता चार हजार आहेत, तेव्हा चारशे होती, मग चिंता कसली? दुसरी बाजू जितका लहान आकडा मिळेल तितका उचलते. लाल यादीचे उंबरठेही आकड्यांचेच आहेत. घटत असलेल्या एखाद्या प्रजातीत प्रौढ प्राणी २,५०० हून कमी आणि कोणताही एक गट २५० हून मोठा नाही, अशी अवस्था असेल तर ती ‘संकटग्रस्त’. उद्या कोणी अधिक पायपीट करून हा उंबरठा ओलांडणारा आकडा आणला, तर माकडाचा दर्जा खाली येऊ शकेल, आणि रानात मात्र एकही माकड वाढलेले नसेल.

माझ्या काही मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, तू अनिश्चितता जाहीर करायला सांगतोस. पण वकील आणि प्रकल्पवाले हीच अनिश्चितता शस्त्र म्हणून वापरतील. ‘शास्त्रज्ञांनाच नक्की माहीत नाही’, एवढे एक वाक्य त्यांना पुरते. १९७७ मध्ये ‘२०० ते ५,०००’ असे लिहिले असते, तर सायलेंट व्हॅली वाचली असती का?

मला या प्रश्नाचे उत्तर येत नाही, आणि तो मला अस्वस्थ करतो. तरीही माझे मत बदलत नाही, आणि त्याचे कारण धरणाच्या अभियंत्यांकडेच आहे. धरणाचा सांडवा किती मोठा ठेवायचा, हे ठरवताना ते सरासरी पूर धरत नाहीत. अनिश्चिततेच्या टोकाचा, संभाव्य सर्वांत मोठा पूर धरतात. पुराचा अंदाज अनिश्चित आहे म्हणून सांडवा लहान ठेवा, असे कोणी म्हटले तर त्याला हाकलून देतील. कारण चूक झाली तर ती सुधारता येत नाही. मग त्याच धरणाच्या कडेला राहणाऱ्या, दुसरीकडे कुठेही नसलेल्या प्राण्याच्या बाबतीत हिशेब उलटा का व्हावा? इथे अनिश्चिततेचे खालचे टोक धरले पाहिजे : कमीत कमी किती टोळ्या आहेत, आणि त्यांतल्या किती एकमेकींशी जोडलेल्या आहेत. पण हे टोक धरायचे तर आधी ते छापावे लागेल. ज्या अहवालात एकच आकडा आहे, त्याला खालचे टोकच नसते.

म्हणून शरावतीसारख्या ठिकाणच्या प्रत्येक अहवालाला काही साधे प्रश्न आपण विचारलेच पाहिजेत, आणि हे विचारायला परिसंस्थाशास्त्राची पदवी लागत नाही. किती फेऱ्या झाल्या, कोणत्या ऋतूत, कोणत्या वाटेने? शोधसंभाव्यता मोजली, की एक धरली? पाहणी न झालेले जंगल किती, आणि ते नकाशावर वेगळ्या रंगात दाखवले आहे का? मागच्या आकड्याशी तुलना केली असेल, तर पद्धत तीच होती का? मूळ नोंदी इतर संशोधकांना पाहायला मिळतील का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा मौनाने मिळते. लोकांच्या पैशाने झालेल्या कितीतरी गणनांचा फक्त निष्कर्ष बाहेर येतो. कच्च्या नोंदी कपाटात राहतात. शिकाऱ्यांच्या भीतीने नेमकी ठिकाणे झाकणे मी समजू शकतो. फेऱ्यांची संख्या झाकण्याचे कारण मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीशी बोलणे झाले. त्या चार दिवसांत आम्ही ज्या एका एकाकी तुकड्यात दोनदा जाऊन आलो होतो आणि जिथे काहीच दिसले नव्हते, त्याची मी चौकशी केली. ती आणि अण्णा तिथे आतापर्यंत आठ वेळा गेले आहेत. आठही रकान्यांत शून्य आहे. “मग लिहून टाक ना, नाहीत म्हणून,” मी तिला मुद्दाम म्हणालो. ती म्हणाली, पाऊस थांबला की नववी फेरी आहे, तू येणार असशील तर बूट चांगले आण, जळवा फार आहेत.